बिनखवल्यांचा मासा

जेमायमा वाक्रूळकर मासा डोळ्यांनी नाही, नखाने पारखायची. शेपटीकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख उलटं फिरवायचं. खवलं नखाला अडलं की मासा आपला. नाही अडलं, तर तो कितीही ताजा असो, कल्ले कितीही लाल असोत, पुढे चालायचं. ठाण्याच्या बाजारातल्या कोळणींना ही बाई ठाऊक होती. पाटीत मोरी, शिंगाळा, कोळंबी असं बिनखवल्यांचं काही असलं तर त्या आपणहून वर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, "ये बाय, तुझ्यासाठी बोय काढून ठेवलीय."

हिब्रू तिला वाचता येत नसे. प्रार्थना पाठ होत्या, त्यांचा अर्थ नव्हता. पण खवल्यांचाच मासा यहुद्याला चालतो; काय खायचं आणि काय नाही, यात आई, आजी आणि ती अशा तीन पिढ्यांत कोणाची चूक झालेली नव्हती. धर्म तिच्या हाती आला होता तो असा, माशाच्या अंगावरून.

१९५४ साली ती नवरा हाइम आणि दहा वर्षांची मिली यांच्याबरोबर इस्राएलला आली. हाइम ठाण्यात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि जेमायमा मुलींना शिवण शिकवायची. इथे त्यांना दक्षिणेकडच्या एका नव्या गावात घर मिळालं, नेतिवोतहून बसने तासाभरावर. गावाजवळ एक धरण होतं. हिवाळ्यात ओढ्यांना येणारं पाणी त्यात अडायचं आणि उन्हाळ्यात त्याच्या काठची माती भाकरीसारखी तडकायची. पहिली पाच वर्षं दोघांनी रोजंदारीवर त्या काठाला निलगिरीची रोपं लावली. जेमायमाने डब्यांनी पाणी घातलं. १९६२पर्यंत झाडं माणसाच्या दुप्पट उंच झाली, तेव्हा कौन्सिलने खाली लाकडी टेबलं आणि बाकं ठोकली, दोन झोपाळे टांगले आणि त्याला पार्क म्हणायला सुरुवात केली. हाइम तिथे राखणदार झाला. जेमायमाकडे टेबलं पुसणं, कागद वेचणं आणि दोन संडास धुणं हे काम आलं. ठाण्यातल्या बहिणीला ती पत्रात लिहायची, "मी पार्कात सुपरवायझर आहे."

सणासुदीला, सुट्टीला लोक बस करून यायचे. मांस भाजायचे, पोरं पाण्यात दगड मारायची. शाळेच्या मुलांना घेऊन मास्तर यायचे ते पक्षी दाखवायला. हिवाळ्यात बदकं, वसंतात करकोचे, आणि वर्षातून दोनदा चोचीखाली पिशवी असलेले मोठे पांढरे पेलिकन. मास्तर दुर्बीण लावून म्हणायचे, "बघा, बघा, पाचशे असतील!" जेमायमा वर न बघता मनात म्हणायची, म्हणजे उद्या टेबलांवर पाचशेंची घाण.

त्या पेलिकनांबद्दल प्रेमाने बोलणारा एकच माणूस गावात होता, बारूख. तो साठीचा, रोमानियाचा. डॅन्यूब नदी समुद्राला मिळते तिथल्या दलदलीत त्याचा जन्म गेला होता. पेलिकन उन्हाळ्यात तिकडेच जातात. "माझ्या गावचे आहेत," तो सांगायचा, "फक्त यांना व्हिसा लागत नाही." धरणात मासेमारीचा परवाना त्याच्या एकट्याकडे होता. बांधाजवळ पत्र्याची खोपटी, एक होडी, दोन जाळी. गुरुवारी तो जाळं ओढायचा आणि शनिवारच्या शब्बाथसाठी बायका त्याच्याकडून मासा न्यायच्या. पंख मोडलेला एक पेलिकन दोन वर्षांपूर्वी मागे राहिला होता. त्याला बारूखने पाळला होता. त्याचं नाव 'मादाम'. मादाम खोपटीच्या दारात बसायची आणि गिऱ्हाइकांकडे मोठ्या घरच्या सासूसारखी बघायची. विकून उरलेले बारके मासे तिचे; स्वतः मासा धरणं तिला जमत नसे.

बारूख प्रार्थनेला जात नसे. शब्बाथला, काम न करायच्या दिवशीसुद्धा, तो मादामसाठी गळ टाकताना दिसायचा. गावात मोरोक्कोचे, ट्युनिशियाचे आणि आपल्यातले, कोकणातले यहुदी जास्त, सगळे देवधर्म पाळणारे. ते त्याचा मासा घेत, पण त्याला जेवायला बोलावत नसत.

इथे मिलीच्या लग्नाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून आलं.

१९६२मध्ये मिलीने अश्दोदच्या अहरोनशी लग्न ठरवलं. अहरोन बंदराच्या बांधकामावर क्रेन चालवायचा, आई पनीना पोलंडची. मुलगा चांगला, आई रोखठोक पण मायाळू. दोघं लग्नाची नोंदणी करायला गेली तेव्हा रब्बींच्या कचेरीतल्या माणसाने सांगितलं, मुलगी हिंदुस्थानातली आहे, यहुदी आहे की नाही ते बघायला हवं, आईला घेऊन या.

"तुमच्या आईचं नाव?" त्याने जेमायमाला विचारलं.

"शेगुलबाई."

"तिच्या आईचं?"

"एस्तेरबाई."

"तिचं लग्न कुठे झालं?"

"रेवदंड्याला."

"कागद?"

"कागद कुठला? सगळं गाव लग्नाला होतं."

"सगळं गाव यहुदी होतं?"

गावात आपली अकरा घरं होती.

"घरात बाहेरून कोणी बाई आली होती का? नक्की आठवा." आणि मग कागदावरून मान वर न करता त्याने विचारलं, "तुम्ही तिकडे खायचात काय?"

पर्स मांडीवर धरून जेमायमाने उत्तर दिलं, "कोशेर, धर्मात चालतं ते." एवढंच. शेजारच्या खुर्चीवर अहरोन आपल्या बुटांकडे बघत होता. परतताना बसमध्ये तिला सगळी उत्तरं सुचली. बाबा, तुझ्या आईने कधी नखाने मासा पारखलाय का? माझ्या आजीने हयातीत एकदा चुकून कोळंबीच्या सुरीने कापलेला कांदा घरात आला म्हणून आठ दिवस चूल धुतली, ठाऊक आहे? पण ती उत्तरं ऐकायला समोर खिडकीची काच तेवढी होती.

सात महिन्यांनी, मुंबईहून दाखल्याची तीन पत्रं आल्यावर, लग्न झालं. उत्तरं मात्र तिच्याजवळ तशीच राहिली.

१९६४चा मार्च. पेसाखच्या सणाला दोन आठवडे होते. बारूखच्या होडीचं वल्ह्याचं कडं मोडलं होतं, ते हाइमने दुरुस्त करून दिलं. गुरुवारी सकाळी बारूखने वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा मासा त्याच्या हातात ठेवला. "बायकोला द्या. मी साफ करून दिलाय, तिला त्रास नको."

घरी येऊन जेमायमाने पुडकं पाटावर उघडलं. मासा गुबगुबीत होता. पोट साफ केलेलं, कल्ले काढलेले. सवयीने तिने नख फिरवलं, आणि ते शेपटीपासून डोक्यापर्यंत कुठेही न अडता गेलं. कातडी चामड्याच्या पाकिटासारखी गुळगुळीत. खवलं काढलेल्या माशाच्या अंगावर जाळीसारख्या खुणा राहतात, त्या तिला झोपेतही कळल्या असत्या. इथे तशी जाळी नव्हती. तिने डोकं उजेडाकडे वळवलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना मिशा.

शिंगाळा.

कोकणात तो आपल्या घरात कधी आला नाही. मिशा आहेत, खवलं नाही, म्हणजे शिंगाळाच. समुद्रातला नाही तर गोड्या पाण्यातला, जात तीच. जेमायमाला आधी वाटलं, म्हातारा चुकला असेल. मग दुसरं वाटलं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त पटलं: हे हिंदुस्थानी, यांना काहीही चालतं, असं समजूनच त्याने दिला. तिने मासा पुन्हा कागदात गुंडाळला, स्कार्फ बांधला आणि वीस मिनिटं चालत धरणावर गेली.

खोपटीसमोर सात-आठ बायका रांगेत होत्या. सगळ्यांत पुढे शुला, मोरोक्कोची, सहा मुलांची आई, जेमायमाच्या जिन्यात राहणारी. जेमायमाने रांग मोडून पुडकं टेबलावर टाकलं.

"बारूख, हे काय?"

"मासा," बारूख हसून म्हणाला. "हाइमने वल्हं..."

"याची खवलं कुठेत?"

"काढली. होती थोडी, ती काढली."

"थोडी?" तिचं हिब्रू तुटकं होतं, पण त्या दिवशी ते अडलं नाही. "खवलं काढलेली कातडी मी जन्मभर बघतेय. ह्याला नव्हतीच. मिशा बघा ह्याच्या! आम्ही हिंदुस्थानातून आलो म्हणून आम्ही घाण खातो, असं वाटलं तुम्हाला?" आणि ती बायकांकडे वळली. "तुम्ही सगळ्या दर शब्बाथला हेच खाताय. निषिद्ध, त्रेफ!"

शुलाने हातातली पिशवी खाली टाकली. "माझ्या नवऱ्याने गेल्या शुक्रवारी दोन तुकडे खाल्ले!"

"मग त्याला काही झालं का?" मागून कोणी विचारलं.

"त्याला कशाने काही होत नाही. पण माझी भांडी?"

बारूख म्हणत राहिला, "कार्प आहे, कार्प. सरकारच्या गाडीतून मागच्या वर्षी पिल्लं आणून सोडली. नव्या जातीचा आहे. कोशेर आहे." पण त्याचा आवाज बारीक होता, आणि शब्बाथला गळ टाकणाऱ्या माणसाने कोशेर म्हटल्याने कोणाची भांडी शुद्ध होत नव्हती. मादाम चोच वर करून बायकांच्या आरडाओरड्याकडे बघत होती.

अन्नाच्या शुद्धतेची तपासणी करायला गावात यित्झहाक नावाचा माणूस होता. ट्युनिशियाकडच्या बेटावरचा, हडकुळा, सावकाश बोलणारा, प्रामाणिक. तो आला. बारूखने त्याला जाळ्यातला दुसरा अखंड मासा दाखवला. पाठीच्या कण्यालगत आणि शेपटीजवळ पाच-सहा मोठी खवलं होती, कोटाच्या बटणांएवढी. बाकी अंग उघडं.

"असा मासा मी पाहिलेला नाही," यित्झहाक म्हणाला. "एवढी खवलं पुरतात का, तेही मला ठाऊक नाही." मग तो जेमायमाकडे वळला. "तुम्ही समुद्रावरच्या. तुम्हाला काय वाटतं?"

या देशात तिला कोणी असं विचारलं नव्हतं. जेमायमा पुढे झाली. "जाळ्यात शंभर मासे असतात. एकाची खवलं दुसऱ्याला चिकटतात. आमच्याकडे कोळणी असंच फसवतात."

तिने ते खवलं ओढून पाहिलं नाही. ओढलं असतं तर चिकटलेलं आहे की अंगचं, ते तिथेच कळलं असतं.

यित्झहाकने मान डोलावली. "मी बेर शेवाच्या रब्बींना लिहितो. उत्तर येईपर्यंत मासे काढणं बंद." कौन्सिलने होडीला साखळी लावली, जाळी कोठीत ठेवली, आणि हाइमला हुकूम आला की काठावरून कोणालाही गळसुद्धा टाकू द्यायचा नाही.

संध्याकाळी हाइम म्हणाला, "अगो, मासा मला दाखवायचा होतास. मग जायचं होतंस."

"तुम्ही काय केलं असतंत?"

"परत दिला असता. गुपचूप."

"गुपचूप, गुपचूप! त्या कचेरीत तुम्ही गुपचूपच बसला होतात बाहेर बाकावर."

हाइमने पेपर तोंडासमोर धरला.

पुढचे बारा दिवस जेमायमाच्या इथल्या दहा वर्षांतले सगळ्यांत चांगले होते. जिन्यात बायका थांबून बोलायच्या. भांडी उकळायला काढली तेव्हा शुलाने आपल्या पातेल्याबरोबर तिचंही उकळून आणलं, वर म्हणाली, "तू नसतीस तर आम्ही पेसाखलाही त्रेफ खाल्लं असतं." दुकानातला गोठवलेला मासा घेतला तरी बायका आधी हिंदी बाईला दाखव म्हणायच्या, आणि डोकं, शेपूट, कातडी काही नसलेल्या त्या पांढऱ्या तुकड्यांवरून जेमायमा गंभीरपणे नख फिरवायची. शब्बाथला प्रार्थनाघरात बायकांच्या पहिल्या ओळीत शुलाने सरकून जागा केली. तोवर जेमायमा दाराजवळच्या, पाय मोडलेल्या बाकावर बसत आली होती. हे सगळं तिने मिलीला पत्रात लिहिलं, चार पानं.

पेसाखला ती आणि हाइम अश्दोदला मिलीच्या सासरी गेले. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी पनीनाने हाक मारली, "जेमायमा, जरा इकडे या, मला तिसरा हात हवाय!"

न्हाणीघरातल्या टबात पाणी भरलेलं होतं आणि त्यात दोन मासे फिरत होते. गुबगुबीत, मिशावाले. अंग गुळगुळीत, आणि पाठीवर एका ओळीत बटणांएवढी चकचकीत खवलं.

"धरा डोक्याजवळ. घट्ट." पनीनाने बाह्या वर सारल्या. "हा आरशाचा कार्प. खवलं कमी, म्हणून मी हाच घेते. दुसऱ्याला घासता घासता माझी कंबर जाते."

जेमायमाच्या हातात मासा धडपडला. तिने अंगठ्याचं नख त्या एका खवल्याखाली घातलं. ते अडलं, आणि मग सुटून तिच्या बोटावर आलं. खाली माशाच्या अंगावर ओला खळगा.

"हा... चालतो?"

"चालतो का?" पनीना हसली. "अहो, माझे वडील कोंबड्या कापणारे शोखेत होते. पोलंडात सगळा गाव हाच खायचा. एक खवलं पुरतं, फक्त ते सुटं निघायला हवं. तुमच्याकडे मासे नसतात वाटतं?"

"असतात," जेमायमा म्हणाली.

दारात मिली उभी होती. तिने चार पानी पत्र वाचलेलं होतं. आईकडे बघत ती हिब्रूत म्हणाली, "इमा, त्या माणसाचा मासा असाच होता का?"

पनीना मान वर करून बघत होती.

"नाही," जेमायमा मराठीत म्हणाली. "तो वेगळा होता."

सेदेरच्या रात्री, सणाच्या पहिल्या जेवणाला, पनीनाने तिच्या बशीत माशाचा सगळ्यांत मोठा गोळा वाढला. थंड, किंचित गोड, वर गाजराची चकती. जेमायमाने तो शेवटपर्यंत खाल्ला. तिच्या शेजारी अहरोन म्हणत होता, "आई, बघ, मिलीच्या आईला आवडला."

आठवड्याने ती गावी परतली तेव्हा बसमधून उतरताना तिने ठरवलं होतं, उद्या यित्झहाकला सांगायचं. उद्या शुलाने मुफलेता पाठवल्या, पेसाख संपल्यावर करतात त्या गोड पोळ्या, मध लावून, पहिल्यांदाच तिच्या घरी. त्या खाऊन लगेच उठून जाणं बरं दिसेना. परवा यित्झहाक गावात नव्हता. तेरवा होता, पण त्याच्याजवळ चार माणसं उभी होती. मग तिला वाटलं, रब्बींचं पत्र येईलच. पत्र आलं की आपोआप होईल सगळं, आपण मध्ये कशाला? बेर शेवाचे रब्बी सणाच्या गडबडीत होते. आणि यित्झहाकनेही दुसरं पत्र घातलं नव्हतं, कारण माहीतगार बाईने सांगितलंच होतं.

पार्कात बारूख रोज दिसायचा. तो खोपटीच्या दारात रिकाम्या हाताने बसलेला असे. दुकानातला गोठवलेला मासा आणून, पाण्यात मऊ करून तो मादामपुढे धरायचा. ती चोचीत घ्यायची आणि टाकून द्यायची. एकदा हाइमने त्याला हळूच सांगितलं, "पहाटे मी त्या टोकाला असतो. गळ टाकलास तर मला दिसणार नाही."

"परवाना परत द्या, मग टाकतो," बारूख म्हणाला. "चोरून नको. चोर म्हणायचं तेवढं राहिलंय."

हाइमने हे घरी सांगितलं. जेमायमा मसूर निवडत होती. तिने एक खडा काढला, मग चांगला मसूरही काढून टाकला.

"रब्बींचं पत्र लवकर यायला पाहिजे," ती म्हणाली.

"हं," हाइम म्हणाला. मग जरा वेळाने, "जेमा, अश्दोदला पनीनाबाईंनी जो मासा केला होता..."

"त्याचं काय?"

"काही नाही. छान होता."

तो नवरा म्हणून तिला तेवीस वर्षं ओळखत होता. त्याने पुढे विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या रात्रीपासून दोघं एकमेकांशी फार सांभाळून, पाहुण्यांसारखं बोलू लागली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पेलिकनांचा मोठा थवा उतरला. शाळेची मुलं, बेर शेवाहून आलेल्या दोन बस, दुर्बिणी. पाणी दिसत नव्हतं इतके पक्षी. ते एक रात्र राहिले आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर गोल गोल चढत उत्तरेला गेले. मादाम पाण्यात शिरून त्यांच्यामागे पोहत गेली होती. दोन दिवसांनी कागद वेचताना जेमायमाला ती बांधाच्या पलीकडच्या लव्हाळ्यात सापडली. पिसं ओली, मान दुमडलेली. एवढा मोठा पक्षी, पण उचलला तर खुराड्यातल्या कोंबडीइतकाही जड लागला नाही. छातीचं हाड बोटांना लागत होतं.

पार्कात मेलेलं काही सापडलं तर ते पुरायचं काम तिचंच होतं. तिने निलगिरीखाली खड्डा केला. बारूख आला, त्याने तिच्या हातातून फावडं घेतलं आणि खड्डा आणखी खोल केला. दोघांनी मिळून पक्षी ठेवला. माती लोटून झाल्यावर त्याने फावडं पुसून तिला परत दिलं. "थँक यू," तो म्हणाला. हिंदुस्थानातल्या लोकांशी इंग्रजी बोलावं अशी त्याची समजूत होती.

आता सांगायचं. जेमायमाने तोंड उघडलंही. पण तिला अश्दोदचा टब दिसला, आणि तो किती दिवसांपूर्वीचा होता ते दिसलं. सणाहून परतल्याबरोबर सांगितलं असतं तर ती फक्त चुकलेली बाई ठरली असती. आता ती कोण ठरणार होती? ती फावडं घेऊन संडासांकडे गेली आणि दोन्ही दोनदा धुतले.

स्वातंत्र्यदिन गुरुवारी होता. त्याआधीच्या सोमवारी कौन्सिलमधला दोव नावाचा कारकून घरी आला. खुर्चीवर बसून त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"चांगली बातमी आहे. बारूखचा परवाना बंद करतोय. त्याला म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात जागा बघितलीय, तेल अविवजवळ. खोपटी, होडी, विक्रीचं टेबल, सगळं तुम्हा दोघांना द्यायचं ठरतंय. जेमायमाबाई मासा पारखतील तर सगळं गाव डोळे मिटून घेईल. बायकांनीच तुमचं नाव सुचवलं."

हाइम जेमायमाकडे बघत होता. दोव गेल्यावरही बघत राहिला.

"संडास सुटतील तुझे," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, टोमणाही नव्हता. तो वाट बघत होता.

जेमायमाने त्याला चहा दिला.

मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी ती यित्झहाककडे गेली. तो दारातच कुलूप उघडत होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. मासा कार्प आहे, कोशेर आहे, खवलं कमी असतात पण अंगची असतात, सुटी निघतात, मी चुकले. यित्झहाकने किल्ली खिशात टाकली.

"खात्री आहे?"

"शोखेतच्या मुलीने दाखवलं. माझ्या मुलीची सासू."

यित्झहाकने तिच्याकडे पाहिलं. जेमायमाला वाटलं, आता तो विचारील, हे कळलं केव्हा. "स्वतःहून चूक सांगायला येणारी माणसं मी फार थोडी बघितली," तो म्हणाला. "मी आत्ताच कौन्सिलमध्ये जातो. गावात मी सांगेन की चौकशी पूर्ण झाली. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं? पण बारूखला तुम्ही सांगा. ते मी सांगून चालणार नाही."

तिच्या मनात होतं की तिने शुलासमोर, त्या सगळ्या बायकांसमोर बोलावं, जिथे ओरडली होती तिथेच. पण यित्झहाकने नाव मध्ये आणायचं नाही म्हटलं तेव्हा तिने विरोध केला नाही. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं हे तिला कळलंही.

बारूख खोपटीत पेटी बांधत होता. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून झाली होती. भिंतीवरचे खिळेसुद्धा त्याने उपटून डब्यात भरले होते. जेमायमा दारात उभी राहिली आणि हिब्रूत, जमेल तसं, सांगितलं. मासा चांगला होता. चूक माझी. परवाना आज परत मिळेल. पेटी बांधू नका.

तो पेटीच्या कडेवर बसला. त्याने दोन्ही तळव्यांनी गुडघे चोळले.

"कसं कळलं?"

"अश्दोदला. मुलीच्या सासूने सांगितलं."

"केव्हा?"

एकोणीस दिवस. ते तिने मोजले नव्हते, पण आकडा तयार होता. पहिला दिवस टबाजवळचा. आठ दिवस पनीनाच्या घरातले, आणि मग मुफलेताचा दिवस, यित्झहाक नसल्याचा दिवस, चार माणसांचा दिवस, मसूर निवडण्याचा दिवस. मादाम कोणत्या दिवशी मेली तेही त्यात होतं.

"काल," जेमायमा म्हणाली. आणि तेवढ्याने भागणार नाही असं वाटून तिने पुढे जोडलं, "काल पत्र आलं."

बारूखने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"काल कळलं आणि आज आलात," तो म्हणाला. "मला एक सांगायला हवं. माणूस एकटा बसला की काहीबाही मनात येतं. परवा आपण तिला पुरत होतो ना, तेव्हा तुमचं तोंड बघून मला वाटलं होतं, या बाईला ठाऊक आहे. सगळं ठाऊक असून गप्प आहे. दोन दिवस मी तुम्हाला मनात फार वाईट शिव्या घातल्या. रोमानियन शिव्या, फार वाईट असतात." त्याने उठून तिच्यापुढे हात धरला. "मला माफ करा."

त्याच्या हाताला माशांचा वास नव्हता. महिनाभर मासे नव्हतेच. साबणाचा वास होता.

जेमायमाने हात हातात घेतला.

"काही हरकत नाही," ती म्हणाली.